वरकसावरचा छोटा ट्रॅक्टर: कामाची वही

२४ नोव्हेंबर २०२४

ट्रॅक्टर आला. २४ हॉर्सपॉवर, फोर व्हील, पुस्तिकेप्रमाणे वजन ९८० किलो. तीन घरांनी मिळून घेतलाय: आम्ही, चुलत दादा आणि खालच्या घरातले अण्णा. मी रत्नागिरीहून शनिवार-रविवारी येणार, मधले पाच दिवस तो दुसऱ्या कुणाच्या हातात असणार. म्हणून ही वही. कोणी चालवला, कुठल्या वाटेने नेला, काय वाजत होतं, सगळं लिहायचं. वही टूलबॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. अण्णा म्हणाले, "लिवायला वेळ असंल त्याने लिवा." अण्णांच्या नोंदी दादाने लिहायच्या असं ठरलं.

जमीन राजापूर तालुक्यातली, तीन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. खाली पाणंद, वर सडा (कातळाचं पठार), मध्ये सगळा उतार. आजोबांच्या वेळी इथे नाचणी आणि कुळीथ व्हायचा, नंतर पंचवीस वर्षं नुसतं गवत. या वर्षीची कामं तीन. वरच्या एकरात सात-सात मीटरवर ८० काजूंचे खड्डे. पडलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पुन्हा उभा करायचा, त्याला अंदाजे ६०० चिरे (जांभ्याचे घडीव दगड). आणि टाकीच्या वरच्या अंगाला पाणी अडवायला एक समतल चर. पावसाच्या आत.

३० नोव्हेंबर

आज ट्रॅक्टर हलवला नाही. उतार मोजला.

दादाला हे पटलं नव्हतं. "डोळ्याला दिसतंय की चढ किती ते." डोळ्याला दिसत नाही, हे आज दोघांनाही कळलं. पद्धत साधी. दोन मीटरची सरळ पट्टी घ्यायची, वरचं टोक जमिनीला टेकवायचं, गवंड्याची लेव्हल ठेवून पट्टी आडवी समपातळीत आणायची आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन मीटरला ३६ सेंटिमीटर खाली, म्हणजे १८ टक्के. टक्के आणि अंश यांत गोंधळ नको: १८ टक्के म्हणजे जेमतेम १० अंश. ४५ अंशाचा उतार म्हणजे १०० टक्के.

पाणंदीपासून पहिल्या वळणापर्यंत ९ टक्के. तिथून वर सड्यापर्यंतच्या वाटेला साधारण ४० मीटर सलग १८. वरच्या एकरात उभा उतार १६ ते २२. फणसाखालची जागा मला सगळ्यांत सोपी वाटत होती, कारण तिथे गवत मऊ आहे आणि सावली आहे. ती निघाली ३१ टक्के. सावलीने फसवलं.

वहीत नकाशा काढला. ३१ वाल्या पट्ट्यावर लाल पेन्सिलीने जाळी मारली. तिथे ट्रॅक्टर जाणार नाही, रिकामासुद्धा. त्या पट्ट्यात ८० पैकी १२ खड्डे येतात, ते हाताने.

७ डिसेंबर

दोन गोष्टी ट्रॅक्टरच्या अंगावरच्या.

एक, चाकांची रुंदी. कंपनीतून येताना मागची चाकं आत ओढलेली होती, मध्यापासून मध्यापर्यंत ९५ सेंटिमीटर. बागेत दोन ओळींमधून जायला ते बरं, उताराला वाईट. रिम उलट्या करून बसवल्या, ११० झाली. दिसायला पंधरा सेंटिमीटर, पण आडव्या उतारावर ट्रॅक्टर कधी कलंडायचा हे या रुंदीवर आणि वजन किती उंचीवर आहे त्यावरच ठरतं. मागच्या टायरांत तीन चतुर्थांश पाणी भरलं. वजन वाढलं, आणि तेही खालच्या अंगाला.

अण्णांना एक गोष्ट दाखवली. पुढचा धुरा मधल्या पिनेवर डोलतो. चाक खड्ड्यात गेलं की धुरा हलतो आणि बॉडी सरळ राहते, म्हणून बसणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. खरं म्हणजे कलंडण्याच्या हिशेबात ट्रॅक्टर चार पायांचा नाहीच. मागची दोन चाकं आणि पुढची ती एक पिन, अशी तिवई आहे. अण्णा जरा वेळ धुऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे बैलगाडी बरी."

दुसरी गोष्ट रोल बार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान. आंब्याच्या फांद्या लागतात म्हणून दादाने पहिल्याच आठवड्यात ती दुमडून ठेवली होती. आज फांद्या छाटल्या आणि कमान उभी करून पिना घातल्या. कमान उभी तर पट्टा बांधायचाच. कमान असेल आणि पट्टा नसेल तर कलंडताना माणूस बाहेर फेकला जातो आणि नेमका कमानीखाली सापडतो. कमान दुमडलेली असेल तर मात्र पट्टा बांधायचा नाही. आणि कमान दुमडून उतारावर जायचंच नाही, त्यामुळे हा प्रश्न आमच्यापुरता संपला.

मडगार्डवर कोणी बसायचं नाही. यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. शेजारचे तात्या गेली चाळीस वर्षं ज्याच्या-त्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून राजापुरात गेलेत. "मी काय पडायचो नाय," म्हणाले. मी नियम मोठ्या अक्षरांत मडगार्डवरच लिहिला. तात्या त्यावर बसले, वाचून उठले.

१५ डिसेंबर

खड्ड्यांचा पहिला दिवस. डिगर, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचं खड्डे पाडायचं यंत्र, भाड्याने आणला, १२ इंची फाळाचा. काजूचा खड्डा हवा ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. १२ इंची फाळाने एका खड्ड्यात चार भोकं पाडायची आणि मधली माती पहारीने ढासळवायची, असा बेत. बेत चांगला होता, फक्त उशीर झालाय. हे काम ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस जाऊन जमिनीत ओल असताना करायला हवं होतं. आता जांभ्याची माती वरून फूटभर ठीक, खाली वीट.

मागे डिगर लटकला की मागची बाजू जड आणि तोंड हलकं. अशा वेळी चढाला तोंड करून गेलं तर पुढची चाकं उचलतात. म्हणून वर जायचं ते रिव्हर्समध्ये: जड बाजू डोंगराकडे, तोंड पाणंदीकडे. मान दुखते, पण पुढची चाकं जमिनीला चिकटून राहतात.

सकाळचा मूर्खपणा लिहून ठेवतो. मी खालच्या खड्ड्यापासून सुरुवात केली. पहिला खड्डा झाला, दुसरा त्याच्यावर सात मीटर. तिथे जायचं तर रिव्हर्समध्ये आत्ताच पाडलेल्या खड्ड्यावरूनच जावं लागणार, तो दोन चाकांच्या मधून सोडत. चाकांची रुंदी ११०, खड्डा ६०, टायरची जाडी वजा केली की प्रत्येक बाजूला वीतभरही राहत नाही. आणि खड्ड्याची कड ताजी. तिसऱ्या खड्ड्याला डाव्या चाकाखालची कड खचली, ट्रॅक्टर असा काही कलला की माझा हात आपोआप स्टिअरिंगवरून सीटवर गेला. थांबलो. पट्टा होता.

दुपारपासून उलट. आधी रिव्हर्समध्ये थेट वरच्या टोकाला, तिथला खड्डा पहिला, मग सात मीटर पुढे म्हणजे खाली, दुसरा खड्डा. पाडलेला खड्डा कायम पाठीमागे, वर. ओळीही उभ्या धरायच्या, आडव्या नाहीत, म्हणजे उतार आडवा कापायची वेळच येत नाही. इतकी साधी गोष्ट सुचायला अर्धा दिवस गेला.

प्रत्येक खड्ड्याला: दोन्ही ब्रेक पॅडल (डाव्या-उजव्या चाकाचे वेगवेगळे) खिटीने जोडलेले, हॅन्डब्रेक, खालच्या अंगाने दोन्ही चाकांना उटी, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे. उटी ऐनाच्या लाकडाच्या केल्या. चिऱ्याचा तुकडा लावू नये, वजन आलं की भुगा होतो.

१६ डिसेंबर

(दादाच्या सांगण्यावरून मी लिहितोय, मी रत्नागिरीत होतो.)

शिअर बोल्ट दिवसात सात तुटले. हा बोल्ट मुद्दाम नरम असतो. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की तो तुटतो आणि पुढचं सगळं वाचतं. सातव्यानंतर दादाने टूलबॉक्समधला मजबूत बोल्ट घातला. मग फाळ ऐनाच्या मुळात शिरला, बोल्ट तुटला नाही, आणि फाळ स्क्रूसारखा स्वतःला जमिनीत खेचत गेला. त्याबरोबर ट्रॅक्टरची मागची बाजू खाली आणि तोंड वर. दादाने पीटीओ (इंजिनच्या जोरावर मागचं अवजार फिरवणारा दांडा) बंद केला म्हणून तिथेच थांबलं.

फोनवर मी ओरडलो. नंतर वाईट वाटलं, कारण नरम बोल्ट कशासाठी असतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

अडकलेला फाळ काढायची रीत: पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. मग पाइप पान्याने फाळ हाताने उलटा फिरवायचा. लिफ्टने उपटायचा प्रयत्न करू नये. वीस मिनिटं लागली. बोल्ट आता एकदम पन्नास आणलेत, मजबूत बोल्ट अण्णांनी घरी नेला.

आणखी एक. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लुंगी, पंचा, मफलर, कानटोपीची लोंबती दोरी, यातलं काही अंगावर असलेला माणूस फिरत्या शाफ्टच्या दहा फुटांत नको. अण्णा थंडीचे दिवस म्हणून मफलर गुंडाळून खड्डा बघायला वाकले होते. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं नळकांडं भाड्याच्या डिगरला तुटकं होतं. ते बदलून घेतल्याशिवाय पुढे काम नाही.

२९ डिसेंबर

डिगरने ५९ खड्डे झाले. नऊ ठिकाणी फूट-दीड फुटावर कातळ लागला. फाळ नुसता घासतो आणि लाल पीठ वर येतं. ते खड्डे इकडेतिकडे सरकवून पहारीने करू. डिगर परत.

१२ जानेवारी २०२५

चिरे आले. ६०० पैकी ३००, दोन गाड्यांत. खाण सड्याच्या बाजूला असल्यामुळे गाडीवाल्याने सड्यावरच उतरवले, भाडंही कमी घेतलं. आम्ही खूश. वजनकाट्यावर एक चिरा ठेवला: ३२ किलो. छोट्या दोनचाकी ट्रॉलीचं रिकामं वजन ४००.

१८ जानेवारी

आज ट्रॉली निसटली. कोणाला लागलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

सड्यावर २५ चिरे भरले. दादा म्हणाला वीस पुरे, मी म्हणालो पंचवीस केले तर बारा खेपांत ३०० होतील. सड्यावरच्या डांबरी तुकड्यावरून आलो म्हणून फोर व्हीलचा लिव्हर बंद होता. तो बंदच राहिला. वाटेच्या तोंडाशी वळण अवघड, तिथे एका चाकाचा ब्रेक दाबून वळायला सोपं पडतं, म्हणून दोन पॅडलची खिटी काढली. ती परत लावली नाही. आणि उतरणीला लागलो ते हाय रेंजच्या (जास्त वेगाच्या) पहिल्या गिअरमध्ये, कारण सपाटीवर तो बरा चालत होता.

दहा मीटरवर कळलं की वेग जास्त आहे. इंजिनचा आवाज चढत होता आणि मी पाय काढूनसुद्धा उतरत नव्हता. तेव्हा मी क्लच दाबला, लो मध्ये टाकायला.

ती चूक. क्लच दाबल्याबरोबर इंजिनने धरलेलं सगळं सुटलं. मागून ट्रॉलीने ढकललं, पाठीवर कुणी हात ठेवून दाबावं तसं, सावकाश आणि मग एकदम. गिअर पडेना, नुसती खरखर. ब्रेकवर पाय मारला तो फक्त उजव्या पॅडलवर बसला. मागचं उजवं चाक जागच्या जागी थांबलं आणि घसरायला लागलं, कारण तिथे जांभ्याची बारीक गोल खडी आहे, हरभऱ्याएवढी. त्यावर थांबलेलं चाक म्हणजे गोट्यांवर ठेवलेला पाट. ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडे फिरलं. उजवीकडे डोंगर होता. डावीकडे असता तर पुढची नोंद दुसऱ्या कोणी लिहिली असती. मी स्टिअरिंग तसंच उजवीकडे दाबलं आणि तोंड मातीच्या कडेत घातलं.

थांबला. ट्रॉली डाव्या अंगाला कातरीसारखी वळून तिचं एक चाक बांधाबाहेर अधांतरी. सहा चिरे खाली गेले, एक थेट पाणंदीपर्यंत. हुकाची पिन वाकली, एक हेडलाइट फुटला. इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं मला बऱ्याच वेळाने सुचलं.

दादा मागून चालत येत होता. मडगार्डचा नियम नसता तर तो डाव्या मडगार्डवर असता.

१९ जानेवारी

रात्री झोप नाही, तर हिशेब केला. ट्रॉली ४०० आणि चिरे ८००, मिळून १२०० किलो, ट्रॅक्टरपेक्षा जड. १८ टक्क्यांच्या उतारावर ती साधारण २१० किलोच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना. फोर व्हील चालू असतं तर पुढची चाकंही इंजिनशी जोडलेली राहिली असती आणि इंजिनचा अडसर चारही चाकांना मिळाला असता. म्हणजे जे काही धरून ठेवणार होतं ते सगळं मी एकेक करून सोडलं: आधी लिव्हर, मग खिटी, मग गिअर, शेवटी क्लच.

बाराच चिरे भरले तर ३८४ आणि ४००, मिळून ७८४. ढकलण्याचा जोर १४० च्या आत. दुपटीने खेपा. एका खेपेला वीस मिनिटं धरली तरी ६०० चिऱ्यांना पन्नास खेपा, सतरा तास. पंचवीसच्या हिशेबाने चोवीस खेपा, आठ तास. मी नऊ तास वाचवायला निघालो होतो.

पण खरी चूक भरण्याची नाहीच. चिरे सड्यावर उतरवून घेतले तिथेच चुकलं. वर उतरवले की भरलेली ट्रॉली खाली आणावी लागते, रिकामी वर जाते. हे उलटं हवं. भाडं कमी म्हणून खूश झालो होतो.

२ फेब्रुवारी

नवी व्यवस्था. उरलेल्या दोन गाड्या, ३०० चिरे, पाणंदीच्या तोंडाशी उतरवून घेतले. भाडं जास्त पडलं. सड्यावरचे चिरे वरच्या गडग्यालाच वापरायचे, ते उतारावर आणायचेच नाहीत. खालचे मधल्या गडग्याला. भरलेलं वर, रिकामं खाली.

चढताना धोका वेगळा. ट्रॉली हुकाला खाली जोडलेली आहे, तिच्या दांडीचं वजन मागच्या चाकांवर येतं, तोपर्यंत ठीक. चिरे ट्रॉलीच्या शेपटीकडे रचले की दांडी वर उचलते आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणून थर धुऱ्याच्या जरा पुढे. लो रेंजचा दुसरा गिअर पायथ्याशीच टाकायचा आणि वर पोचेपर्यंत लिव्हरला हात नाही. मध्ये बंद पडला तर क्लच दाबायचा नाही. गिअरमध्येच राहू द्यायचा, ब्रेक, हॅन्डब्रेक, आणि मागून चालणाऱ्याने आधी ट्रॉलीच्या चाकाला उटी द्यायची. मागून म्हणजे बाजूने, दहा पावलं सोडून. थेट मागे कोणी नाही.

आज अकरा खेपा. एकदाही क्लच दाबावा लागला नाही. दादाने विचारलं, "खाली येताना रिकामाच आहे, आता तरी जरा पळवू?" रिकाम्या ट्रॉलीला उड्या जास्त बसतात. नाही.

९ फेब्रुवारी

चौदा खेपा. मधला गडगा गुडघ्यापर्यंत. हुकाची पिन अजून तीच होती, सरळ करून वापरत होतो हे आज मला कळलं. एकदा वाकलेली पिन सरळ केली तरी आतून गेलेली असते. तात्यांकडून एक मागून आणली.

२३ फेब्रुवारी

वाटेत ऐनाचा जुना बुंधा आहे. अण्णांचं मत, साखळी बांधून टोचन करून उपटावा. खालचा हूक जमिनीलगत आहे, तिथून साखळी घासते, म्हणून त्यांनी ती वर, टॉपलिंकच्या (मागच्या अवजाराच्या वरच्या जोडदांडीच्या) कानाला बांधली.

मी सोडायला लावली. अण्णा मोठे, त्यांनी ट्रॅक्टर माझ्या जन्माच्या आधी चालवलाय, त्यामुळे हे बोलायला जड गेलं. म्हणालो, अण्णा, एकदा बघा फक्त. वहीवर चित्र काढलं. ओढायची जागा मागच्या धुऱ्याच्या वर गेली आणि बुंधा हलला नाही, तर चाकं फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच त्या धुऱ्याभोवती उलटा फिरतो. तोंड वर उचललं की एक सेकंदसुद्धा मिळत नाही, क्लचवर पाय जायच्या आत पाठीवर. उतारावर, चढाकडे तोंड असताना तर तोंड आधीच हलकं. अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच कुऱ्हाड घेऊन मुळं तोडायला बसले. दोन संध्याकाळी गेल्या, मग बुंधा खालच्या हुकाला बांधून सपाटीच्या बाजूला मुकाट निघाला.

१६ मार्च

शिमगा झाला, पालखी घरी येऊन गेली, माणसं पुन्हा कामाला.

चराची आखणी पाण्याच्या नळीने केली. चर ६० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल, टाकीच्या वर ५५ मीटर लांब. इथे पहिल्यांदाच ट्रॅक्टर आडव्या उताराने चालवायचा होता. म्हणून आधी पायांनी पूर्ण रेषा चाललो, काठीने गवत बाजूला करत. एक दगड आणि एक साळिंदराचं बीळ सापडलं. वरचं चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं तेवढ्याच खड्ड्यात गेलं, तर ११० च्या रुंदीत ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे २७ टक्के. इथला आडवा उतार १४. दोन्ही मिळून ४१. ट्रॅक्टर उभ्या उभ्या ४१ ला कदाचित पडणारही नाही, पण चालत्या गाडीचा हिसका त्यात धरलेला नाही. दगड काढला, बीळ रिकामं आहे हे बघून बुजवलं.

एकफाळी नांगराने फक्त माती सैल करायची, उपसा फावड्याने. नांगर उजव्या हाताचा, दुसऱ्या फेऱ्याला उजवं चाक तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या सरीत, चालतं. डोंगर उजवीकडे ठेवला तर वरचं चाक तासात उतरतं आणि ट्रॅक्टर उलट सरळ होतो. डोंगर डावीकडे ठेवला तर खालचं चाक तासात जाऊन तिरकेपणा वाढतो. म्हणून नांगरट एकाच दिशेने, परत येताना नांगर उचलून खालच्या सपाटीने वळसा. हे दादाला सुचलं, मला नाही.

उपसलेली माती खालच्या कडेला. चर झाल्यावर त्याच्या काठापासून चाक किमान चराच्या खोलीइतकं लांब. भरावावर तर नाहीच, तो भराव दोन पावसाळे बसल्याशिवाय जमीन नसतो.

२० एप्रिल

जमीन लोखंड झालीय. ३१ टक्क्यांतले बारा आणि कातळाचे नऊ खड्डे पहारीने पूर्ण. सगळे ८० उन्हात तापताहेत, तापू देत. शेणखत साधारण दोन टन लागेल, खड्ड्याला दोन घमेली. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाच खेपांत नेऊ. पाऊस जूनच्या सात तारखेच्या आसपास धरलाय.

२१ मे

दादाचा फोन. काल रात्रीपासून पाऊस, वळवाचा नाही, लागून राहिलाय. शेणखताच्या पाचपैकी दोनच खेपा झाल्यात. "आज दुपारी उघडला तर उरलेल्या मारतो," म्हणाला. मी नको म्हणालो. वाटेवरच्या लाल धुळीचं आता लोणी झालं असेल, त्याखाली ती खडी. नोव्हेंबरात १८ टक्के म्हणून मोजलेली वाट आज कागदावर १८ आणि चाकाला काहीतरी दुसरीच.

२५ मे

पाऊस दोन आठवडे आधी आला. आज मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर झालं. सगळ्यांची गणितं चुकलीत, भातवाल्यांची तर जास्तच.

सकाळी दोन तास उघडीप होती. ऊन पडलं, वाट वरून सुकलेली दिसली. दादा चावी घेऊन उभा. मी पायाची टाच दाबून बघितली, वरचा पापुद्रा कोरडा आणि खाली चिखल. नकाशावर आज सगळ्याच वाटेवर लाल जाळी मारली.

उरलं होतं १२०० किलो, म्हणजे शंभर घमेली. वाडीतली आठ माणसं मिळाली, दादा आणि वहिनी धरून. प्रत्येकी बारा-तेरा खेपा, डोक्यावर खोळ आणि त्यावर घमेलं. दीड वाजता संपलं. तात्या प्रत्येक फेरीला ट्रॅक्टरकडे बघून काहीतरी बोलत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही. वहिनींनी सगळ्यांना कुळथाचं पिठलं आणि भात वाढला, तेव्हा तात्यांनीच विचारलं की पुढच्या वर्षी त्यांच्या बागेत डिगर येईल का. उतार मोजून सांगतो म्हणालो.

१ जून

ट्रॅक्टर मांगरात. उभा केला तो सपाटीवर, मागचं अवजार जमिनीवर टेकवून, गिअरमध्ये, हॅन्डब्रेक, उटी. वाटेवर दहा-दहा मीटरवर तिरकी आडवणी घातली, पाणी बाहेर फेकायला. चाकोऱ्या म्हणजे पाण्याला आयते पाट. तशाच सोडल्या तर ऑक्टोबरात वाट राहणार नाही, घळ राहील.

१५ जून

८० पैकी ७६ कलमं लागली. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. चार रोपवाटिकेतूनच वाळकी आली होती.

वाट बघून आलो. आडवणी धरून आहेत, तिसरी फुटलीय, तिला चिरा लावला. पहिल्या वळणावर भरावाची बाहेरची कड दीड हात खाली गेलीय. फेब्रुवारीत रिकामी ट्रॉली मी तिथूनच वळवत होतो, कडेपासून एक हात आत. नकाशावर वळण दोन हात डोंगराकडे सरकवलं, दसऱ्यानंतर तसं कापून घ्यायचं.

(खाली दादाच्या अक्षरात:) हुकाची नवीन पिन आणली, तात्यांची परत दिली. वाकडी पिन ट्रॉलीच्या दांडीला तारेने बांधली आहे. कोणी काढू नये.